चारचौघांत दिसण्याचा खर्च

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत उन्हाळ्याचे दिवस म्हणजे लग्नसराईचे दिवस. पाळक व उपदेशक ह्यांस ह्या दिवसांत एका मांडवांतून दुसऱ्या मांडवांत जावें लागतें, आणि परत येतांना त्यांच्या तोंडून बहुधा एकच उद्गार निघतो : काय ही उधळपट्टी ! पुढल्या रविवारीं त्याच विषयावर उपदेश होतो. ऐकणारे माना डोलवितात, आणि त्यांतलाच एक गृहस्थ दुसऱ्या दिवशीं तालुक्याच्या गांवीं जाऊन, ज्याला हल्लीं सर्वत्र डीजे म्हणतात त्या कर्कश वाजंत्रीस विसार देऊन येतो. हें वर्षानुवर्षें चाललें आहे. ह्यावरून इतकें तरी ठरतें कीं, नुसत्या निषेधानें हा प्रश्न सुटत नाहीं. म्हणून ह्या पाठांत निषेध थोडा बाजूस ठेवून, मनुष्य आपल्या मिळकतीच्या मानाबाहेर जाऊन दिखाऊ खर्च कां करितो, गरीब काय दाखवितो, श्रीमंत काय दाखवितो, आणि त्याची किंमत कोण किती देतो, ह्याचा विचार करावयाचा आहे.

वस्तूला दोन किंमती असतात. एक तिच्या उपयोगाची, आणि दुसरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांची. पितळेच्या हंड्यांत पाणी राहतें तसेंच मडक्यांतही राहतें. किंबहुना मडक्यांतलें अधिक गार असतें. तरी हंडा चिंचेनें घासून दारासमोर उन्हांत पालथा घातला, म्हणजे शेजारणीला जें कळायचें तें कळतें. मोटारसायकल शेतावर नेते व बाजारासही नेते. पण तिचा आवाज मुद्दाम वाढवून घेण्यास जे पैसे पडतात ते कोठेंच नेत नाहींत. उपयोगाच्या किंमतीवर हा जो वरचा भार चढतो, त्यालाच आपण येथें दिखाऊ खर्च म्हणूं.

ह्या विषयावर पहिला प्रसिद्ध ग्रंथ अमेरिकेंत १८९९ सालीं थॉर्स्टीन व्हेब्लेन नांवाच्या विद्वानानें लिहिला. हा गृहस्थ नॉर्वे देशांतून अमेरिकेस येऊन स्थायिक झालेल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या काळीं तेथील नव्या कोट्यधीशांच्या हवेल्या व मेजवान्या पाहून त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, संपत्ति नुसती असून भागत नाहीं, ती दुसऱ्यास दिसली पाहिजे. आणि ती दिसावी म्हणून वेळ आणि पैसा वायां घालविणें हेंच प्रतिष्ठेचें साधन होऊन बसतें. त्याच्या ग्रंथांतील श्रीमंतांची थट्टा लोकांच्या फार लक्षांत राहिली. आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट मात्र दुसरीच आहे. ती ही कीं, अगदीं दरिद्री वर्ग देखील अशा खर्चापासून पूर्णपणें मुक्त नसतो, व पोटास चिमटा बसूं लागल्यावरच शेवटची दिखाऊ वस्तु घरांतून जाते, असें त्यानें नमूद करून ठेविलें. ज्यानें दुष्काळी वर्षांत एखादें कुटुंब मोडतांना पाहिलें असेल, त्यास ह्याचा पुरावा लागणार नाहीं.

पण ह्याहून शंभरावर वर्षांपूर्वीं, १७७६ सालीं, अ‍ॅडम स्मिथ ह्या स्कॉच अर्थशास्त्रज्ञानें एक मार्मिक निरीक्षण केलें होतें. तो म्हणतो त्याचा आशय असा : तागाचा सदरा ही जगण्यास आवश्यक वस्तु नव्हे, प्राचीन ग्रीक व रोमन लोक त्यावांचून सुखानें राहत. परंतु आज युरोपच्या बहुतेक भागांत साध्या मजुरालाही तागाच्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जाण्याची लाज वाटेल. चामड्याच्या जोड्यांची गोष्ट तशीच. इंग्लंडांत गरीब स्त्रीपुरुष दोघांसही ते लागत, स्कॉटलंडांत फक्त पुरुषास लागत, आणि फ्रान्सांत दोघेंही त्यांवांचून उजळ माथ्यानें वावरत. म्हणजे आवश्यक काय आणि चैन काय, हें वस्तूवरून ठरत नाहीं. ज्या लोकांत राहावयाचें त्या लोकांच्या चालीवरून ठरतें. आपल्या उपदेशक बंधूंनीं हें स्वतःवरूनच ताडून पाहावें. पगार तुटपुंजा असला तरी सदऱ्याला इस्त्री करावीच लागते. ती चैन आहे असें त्यांस कोणी म्हटलें तर त्यांना तें रुचणार नाहीं, आणि रुचूं नयेही.

आतां ह्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ती आपल्या उपदेशांत क्वचितच येते, म्हणून तिच्यावर थोडें अधिक थांबूं.

खालच्या मनुष्यानें वरच्याप्रमाणें दिसूं नये ह्यासाठीं वरच्यांनीं सर्व देशांत खटपट केलेली आहे. इंग्लंडांत १३६३ सालीं तिसऱ्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दींत कायदा झाला कीं, गाडीवान, नांगऱ्ये, गुराखी इत्यादि लोकांनीं, त्यांजपाशीं चाळीस शिलिंगांची मालमत्ता नसल्यास, जाड्याभरड्या कापडाशिवाय दुसरें कापड वापरूं नये. हा कायदा फार दिवस टिकला नाहीं. पण तो करावासा वाटला ह्यांतच पुष्कळ आलें. मजूर चांगलें कापड घेऊं लागले होते, आणि त्यामुळें धनी कोण व चाकर कोण हें दुरून ओळखूं येईना, हेंच धन्याचें दुखणें होतें.

आपल्या देशांत तर ह्यास जातीची जोड मिळाली. दक्षिणेकडील त्रावणकोर संस्थानांत, ज्यांना त्या काळीं शाणार म्हणत व आज नाडार म्हणतात, त्या जातीच्या स्त्रियांनीं उरावर वस्त्र घेऊं नये असा दंडक होता. त्यांच्यांतील पुष्कळ कुटुंबें लंडन मिशनच्या शिकवणीनें ख्रिस्ती झाल्यावर स्त्रिया अंगभर वस्त्र घेऊं लागल्या, आणि त्यावरून अनेक वर्षें दंगे झाले, वस्त्रें फाडलीं गेलीं. १८५९ सालीं राजाज्ञा निघाली तीहि कशी, तर त्यांनीं अंग झांकावें, परंतु उच्च जातींच्या स्त्रियांच्या पद्धतीनें झांकूं नये ! अब्रू झांकण्यास परवानगी, बरोबरीस नाहीं. ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण.

ह्या गोष्टी दूरच्या व जुन्या वाटत असतील, तर डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणांत दिलेलीं उदाहरणें घ्यावींत. १९२८ सालीं इंदूर संस्थानांतील कांहीं गांवांत बलाई जातीच्या लोकांवर नियम लादले गेले : जरीकांठी पागोटें घालूं नये, रंगीत किंवा नक्षीच्या कांठाचें धोतर नेसूं नये, बायकांनीं सोन्यारुप्याचे दागिने घालूं नयेत. १९३५ सालीं अहमदाबाद जिल्ह्यांतील झाणू गांवीं सुस्थितींतील कांहीं अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणूं लागल्या, म्हणून त्यांस मारहाण झाली. १९३६ सालीं जयपूर संस्थानांतील चकवाडा गांवीं एका अस्पृश्य गृहस्थानें आपल्याच जातबंधूंस जेवावयास घातलें व पानांत तूप वाढलें. तेवढ्यावरून लाठ्या घेऊन आलेल्या जमावानें ती पंगत उधळून लाविली. तूप त्याचें, पैसा त्याचा, पाहुणे त्याचे. परंतु तूप ही प्रतिष्ठेची खूण होती, आणि ती त्याच्या पानांत दिसतां कामा नये, असा त्या जमावाचा हट्ट.

आतां सांगा, चकवाड्याच्या त्या यजमानास आपण उधळ्या म्हणावें काय ? प्रस्तुत लेखकास तसें म्हणवत नाहीं. ज्याच्या आजाला पायांत वहाण घालून वेशींतून जातां येत नव्हतें, त्या मुलानें भारी किंमतीचे जोडे घेतले, तर त्या जोड्यांत चामड्याहून अधिक कांहीं आहे हें ओळखण्याइतकें औदार्य आपणांत असावें. डॉ. आंबेडकरांनीं १९२७ च्या डिसेंबरांत महाडास जमलेल्या स्त्रियांस लुगडें नीट, अंग झांकेल असें नेसण्याचा उपदेश केला. त्याच वेळीं हातांत कोपरापर्यंत भरलेले कथलाचांदीचे जड दागिने टाकून देण्यासही सांगितलें. हा विवेक ध्यानांत घेण्याजोगा आहे. जी खूण मनुष्यास ताठ उभें करिते ती घ्यावी. आणि जो दागिना पाहतांच मनुष्य खालच्या जातीचा म्हणून ओळखला जातो, तो चांदीचा कां असेना, उतरवावा. पेहेरावाचा खर्च वाढवा किंवा कमी करा, असें सरसकट त्यांनीं सांगितलें नाहीं.

असो. आतां कर्जाच्या बाजूकडे वळूं. येथेंही एक रूढ समजूत प्रथम तपासली पाहिजे. महाराष्ट्रांतील शेतकरी लग्नकार्यांच्या पायीं बुडाला, असें गेल्या दीडशें वर्षांत असंख्य वेळां लिहिलें व बोललें गेलें आहे. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरेंदुकानें लुटून कर्जरोखे जाळले. हें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोंचलें. सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमिलें. त्या मंडळाचें मत असें पडलें कीं, लग्नाच्या खर्चास कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां फाजील महत्त्व दिलें गेलें आहे. हा खर्च शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानानें जास्त असतो खरा, पण तो प्रसंग क्वचित् येतो, आणि अनेक वर्षांची सरासरी काढिली तर त्याच्या स्थितींतील मनुष्यानें सुखसमारंभावर करावा त्याहून तो फारसा अधिक भरत नाहीं. वाढलेला शेतसारा, अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव, सावकाराचा चढता व्याजदर आणि त्याच्या बाजूस झुकणारीं न्यायालयें, हीं कारणें मोठीं होतीं. पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो ह्याच चौकशीच्या पोटीं. तात्पर्य, गरिबाच्या लग्नांतील खर्चाकडे बोट दाखविणें हा पुष्कळदां त्याच्या दारिद्र्याचीं खरीं कारणें न पाहण्याचा सोपा मार्ग असतो.

मात्र ह्याचा अर्थ तो खर्च निरुपद्रवी आहे असा नव्हे. आंकडेच घेऊं. भारत सरकारनें २०२२–२३ सालीं घरखर्चाची देशभर पाहणी केली. तींत ग्रामीण भागांतील अगदीं तळच्या शेंकडा पांच लोकांचा दर माणशीं दरमहा सरासरी खर्च १,३७३ रुपये निघाला. सर्व ग्रामीण लोकांची सरासरी ३,७७३ रुपये होती. आणि खेड्यांतीलच अगदीं वरच्या शेंकडा पांच लोकांची १०,५०१ रुपये. पांच माणसांचें कुटुंब धरलें, तर तळच्या घराचा वर्षाचा सगळा खर्च ८२,३८० रुपये होतो, आणि वरच्या घराचा ६,३०,०६० रुपये. आतां एकाच गांवांत, एकाच आळींत, दोघांनींही दोन लाख रुपयांचें लग्न केलें असें समजा. वरच्या घरास तो चार महिन्यांहून कमी मुदतीचा खर्च पडला. मधल्या घरास साडेदहा महिन्यांचा. तळच्या घरास जवळ जवळ दोन वर्षें पांच महिन्यांचा ! मांडव तोच, पंगत तीच, छायाचित्रांत तिन्ही लग्नें सारखींच दिसतील. दिखाऊ खर्चाचें मर्म हेंच आहे : दिसण्याची किंमत सर्वांस एक, पण ती देण्याची शक्ति एक नाहीं.

आणि तळचें घर ती किंमत रोख देत नाहीं. एक लाख रुपये खाजगी सावकाराकडून शेंकडा दरमहा तीन रुपयांनीं काढले, तर नुसतें व्याज वर्षास ३६,००० रुपये होतें. म्हणजे त्या घराच्या वर्षाच्या खर्चाच्या शेंकडा ४३ हून अधिक. मुद्दल जागच्या जागीं. मराठवाड्यांतील व नगर जिल्ह्यांतील आपल्या पुष्कळ कुटुंबांस ह्याचें आणखी एक रूप ठाऊक आहे. लग्नासाठीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची, आणि दसरादिवाळी झाली कीं नवराबायकोनें मिळून कोयता म्हणून कारखान्यावर जाऊन ऊस तोडीत ती फेडावयाची. हंगाम संपतांना उचल फिटली नाहीं, तर बाकी पुढील वर्षावर. नव्या जोडप्याचा पहिला संसार त्यांच्याच वरातीचें भाडें फेडण्यांत पाचटाच्या खोपटांत जातो. त्या वरातींत नाचलेल्यांपैकीं एकही इसम तेथें मोळ्या वाहावयास येत नाहीं.

२०२४ सालीं मुंबईंतील एका अतिधनाढ्य घराण्यांतील लग्नाचे सोहळे महिनोन् महिने चालले व सर्व जगानें ते पडद्यावर पाहिले. त्यावर आपल्या लोकांत बरीच टीका झाली, थोडें कौतुकही झालें. टीकेबद्दल मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. पण त्या घराण्यास त्यासाठीं कोणाची उचल घ्यावी लागली नाहीं, आणि त्या लग्नांतील फुलांच्या कमानीची नक्कल करणाऱ्या आपल्या वस्तींतील मुलाच्या बापास ती घ्यावी लागली, हा फरक टीकाकारांच्या व कौतुक करणाऱ्यांच्या, दोघांच्याही नजरेंतून सुटला.

तर मग गरीब मनुष्य हें जाणूनबुजून कां करितो ? तो मूर्ख आहे म्हणून, असें उत्तर देणाऱ्यांस गेल्या कांहीं वर्षांतील विद्वानांच्या चौकशा प्रतिकूल आहेत. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो ह्यांनीं राजस्थानांतील उदयपूर जिल्ह्यांतील अत्यंत गरीब घरांची पाहणी केली. सामान्य घराच्या वर्षाच्या खर्चाचा दहावा भाग सणसमारंभांवर जात होता, आणि लग्न, मृत्यु किंवा धार्मिक सण ह्यांवर वर्षांत कांहींच खर्च न करणारें घर शेंकडा एकही नव्हतें. त्याच लोकांत पोटभर न जेवणारेही होते. ज्याच्या आयुष्यांत पुढें कांहीं मोठें घडण्याची आशा नसते, तो हातांत आलेल्या पैशानें एक दिवस तरी मोठा करून घेतो, असें ह्याचें एक स्पष्टीकरण देतां येईल.

कर्नाटकांतील खेड्यांत कुंभार कुटुंबांच्या लग्नांची एक चौकशी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष आपल्या उपदेशकांस विशेष उपयोगी वाटेल. मुलगी गांवांतच दिली, तर व्याही कोण, कसला, हें सर्वांस ठाऊकच असतें. परंतु मुलगी परगांवीं, मोठ्या घरीं दिली, तर गांवकऱ्यांना तें कसें कळावें ? म्हणून बाप लग्नाचा थाट वाढवितो. तो थाट म्हणजे, आमची सोयरीक आतां वरच्यांशीं झाली, हें गांवास कळविण्याची दवंडीच होय. येथें खर्च आंधळा नाहीं. त्यास बोलावयाचें आहे, आणि बोलण्यास त्याजपाशीं दुसरें साधन नाहीं.

अमेरिकेंतील तीन अर्थशास्त्रज्ञांनीं २००९ सालीं असाच एक शोध प्रसिद्ध केला. सारख्याच मिळकतीचीं कृष्णवर्णीय व गोरीं कुटुंबें तुलनेस घेतलीं, तर कृष्णवर्णीय कुटुंबें कपडे, दागिने व मोटारी ह्यांवर आपल्या खर्चाचा अधिक भाग घालवितात. हा वंशाचा गुण आहे काय ? मुळींच नाहीं. ज्या कोणाच्या भोंवतालचे त्याच्याच जातीरंगाचे लोक गरीब असतात, तो कोणत्याही रंगाचा असो, असेंच करितो; कारण परका मनुष्य त्याला पाहतांच गरीब समजतो, आणि हा समज खोटा पाडण्यास त्याजपाशीं अंगावरच्या कपड्यावांचून कांहीं नसतें. आपल्या वस्तींतला जो तरुण शिकून नोकरीस लागला, त्यानें पहिल्याच वर्षीं हप्त्यावर भारी मोबाईल कां घेतला, ह्याचें उत्तर येथें आहे. बसमध्यें शेजारीं बसणाऱ्यास त्याची पदवी दिसत नाहीं, मोबाईल दिसतो.

उलट, ज्यास सर्व गांव ओळखतो तो बागायतदार मळक्या धोतरानें बँकेंत जातो, आणि तेथला अधिकारी उठून त्यास खुर्ची देतो. खरी श्रीमंती स्थिर झाली म्हणजे ती आवाज कमी करिते, हें परदेशांतही आढळलें आहे. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत भारी किंमतीच्या हातपिशव्या तपासल्या, तेव्हां असें दिसलें कीं, एकाच कारखान्याच्या स्वस्तांतल्या पिशवीवर कारखान्याची खूण ठळक असते, आणि अतिशय महागड्या पिशवीवर ती शोधूनही सांपडत नाहीं. मर्सिडीज मोटारींच्या बिल्ल्यांचीही हीच कथा. वरचे लोक एकमेकांस बारीक खुणांनीं ओळखतात. मधले लोक खालच्यांपासून आपण वेगळे आहों हें ओरडून सांगतात. म्हणून श्रीमंतांची साधी राहणी पाहून गरिबास शिकवूं नये. साधें राहणें त्यांना परवडतें. मुलांच्या उच्च शिक्षणावर, आरोग्यावर, चांगल्या वस्तींतील घरावर त्यांचा जो पैसा जातो, तो थाटामाटाहून मोठा असतो व पिढ्यान् पिढ्या फळ देतो. तो रस्त्यावरून दिसत नाहीं इतकेंच.

शेजाऱ्याचाही भाग ह्यांत आहेच. नेदरलंड देशांत एक सोडत अशी आहे कीं, तींत टपालाचा एक विभाग निवडला जातो. त्या आळींत ज्यांनीं तिकीट घेतलें असेल त्यांस रोख बक्षीस, आणि एका घरास नवी मोटार मिळते. संशोधकांनीं २०११ सालीं दाखविलें कीं, त्याच आळींतील ज्यांनीं तिकीटच घेतलें नव्हतें व ज्यांस एक कवडीही मिळाली नव्हती, तेही पुढील महिन्यांत इतरांपेक्षां अधिक मोटारी घेऊं लागले. कॅनडांतील अशाच एका चौकशींत सोडतीच्या विजेत्यांच्या जवळपास राहणाऱ्यांत दिवाळें काढण्याचें प्रमाण वाढलेलें आढळलें. युरोपअमेरिकेंतील सुशिक्षितांची ही गोष्ट आहे. तेव्हां हें खूळ अडाणी खेडुतांचेंच, असें समजण्याचें कारण नाहीं.

येथें सोन्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहींतर अन्याय होईल. स्त्रीच्या गळ्यांतील मणीमंगळसूत्र वा कानांतील फुलें हा नुसता दिखाऊ खर्च नव्हे. आजारपणांत, पेरणीच्या वेळीं, मुलाच्या शाळेच्या फीसाठीं तेंच सोनें गहाण पडून त्या रात्रींची रात्रीं पैसा उभा करितें. ज्या बाईच्या नांवावर शेत नाहीं, घर नाहीं, तिची ती एकुलती एक पेढी. मांडव दुसऱ्या दिवशीं उतरतो, जेवणावळ त्याच सायंकाळीं संपते. तोळाभर सोनें वीस वर्षांनींही तोळाभरच राहतें. म्हणून खर्चाचा विचार करितांना जें टिकतें व मोडतां येतें तें एका बाजूस, आणि जें त्या दिवशींच विरून जातें तें दुसऱ्या बाजूस, असे दोन ढीग अवश्य करावेत. आपल्या कबरस्तानांतील महागडे संगमरवरी चौथरे कोणत्या ढिगांत घालावयाचे, हें ज्यानें त्यानें ठरवावें. मेलेल्यास त्यांचा उपयोग नाहीं, आणि जिवंतांस ते मोडतां येत नाहींत.

कायद्यानें हा रोग हटेल काय ? राजस्थानांत १९६० सालीं मृत्युभोजनास बंदी करणारा कायदा झाला, १९६१ सालीं सर्व देशासाठीं हुंड्याविरुद्ध कायदा झाला. दोन्ही आजही अंमलांत आहेत. हुंडाही चालू आहे. कायदा नको असें नव्हे. ज्याला नाहीं म्हणावयाचें आहे त्याच्या हातांत तो एक काठी देतो. पण जेथें कोणी नाहीं म्हणण्यास उभाच राहत नाहीं, तेथें ती कोपऱ्यांत पडून राहते. ह्याच्या उलट जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजानें १८७३ पासून पुरोहितावांचून, थोड्या खर्चांत लग्नें लावण्यास आरंभ केला, तेव्हां कायदा त्यांच्या पाठीशीं नव्हता, उलट भटजींनीं कज्जे केले. तरी ती पद्धत चालली, कारण त्या लग्नांत कमी खर्च करणारा मनुष्य लहान ठरत नव्हता. उलट एका धीट समाजाचा सभासद म्हणून मिरवीत होता.

ह्या बाबतींत इंडोनेशियांतील एक प्रयोग मननीय आहे. तो २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. तेथील बँकेच्या गिऱ्हाइकांस प्रतिष्ठित समजलें जाणारें प्लॅटिनम कार्ड देऊं केलें. दुसऱ्या कांहींस तेच सर्व फायदे असलेलें, पण तसें नांवरूप नसलेलें कार्ड देऊं केलें. नांवाच्या कार्डास मागणी अधिक आली. पुढें त्याच संशोधकांना असें आढळलें कीं, मनुष्यास आधीं त्याच्या स्वतःच्या एखाद्या अभिमानास्पद गोष्टीचें स्मरण करून दिलें, तर अशा प्रतिष्ठेच्या वस्तूची त्याची हाव कमी होते. रविवारच्या उपदेशांत ज्यास उधळ्या म्हणून लाजविलें, तो मनुष्य सोमवारीं अधिकच थाट करितो, तो कां, हें ह्यावरून उमगावें. लाजविलेला मनुष्य भरपाई करूं पाहतो.

आतां आपल्या मंडळ्यांतून काय करितां येईल, तें थोडक्यांत. लग्नाची तारीख ठरण्यापूर्वीं, म्हणजे सुपारी फुटल्यावर नव्हे, उपदेशकानें त्या घरीं जाऊन नवरानवरीच्या आईबापांसह बसावें, आणि कागदावर हिशेब मांडावा : घरांत रोख किती, धान्य किती, कर्ज किती काढावें लागणार, व्याज दरमहा किती, आणि तें कोण कोणत्या कामानें फेडणार. नवरीनवऱ्यासही त्या बैठकींत बसवावें. फेडणारीं पुष्कळदां तींच असतात, आणि आजवर त्यांना कोणी विचारलें नाहीं. त्या वेळीं उपदेश करूं नये. आंकडा स्वतः बोलतो. मंडळीनें मोठीं पातेलीं, सतरंज्या, खुर्च्या व एक साधा मांडव सामाईक घेऊन ठेवावा, व तो श्रीमंतगरीब सर्वांस एकच लावावा. मंडळींतील सुस्थितींतील दोन घरांनीं प्रथम त्याच मांडवांत आपलें कार्य करावें; गरिबानें प्रथम केलें तर ती गरिबाची खूण ठरेल, आणि मग तो मांडव कोणी मागणार नाहीं. ह्या क्रमावर सर्व कांहीं अवलंबून आहे.

मंदिरांतही थोडी पाहणी व्हावी. सोन्याची आंगठी घातलेला पाहुणा आल्यावर त्यास पुढची जागा व फाटक्या वस्त्राच्या माणसास जमीन, ह्याविषयीं याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत काय आहे तें वाचकांस ठाऊक आहे. वर्गणीदारांचीं नांवें रकमेच्या उतरत्या क्रमानें भिंतीवरील पाटीवर कोरणाऱ्या मंडळीनें लग्नांतील थाटावर टीका करण्यापूर्वीं ती पाटी निदान वर्णानुक्रमानें लावून घ्यावी.

आणि एक लहान गोष्ट, जी उद्यां होणाऱ्या लग्नांतही करितां येईल. आहेर देणाऱ्याचें नांव व रक्कम ध्वनिक्षेपकावरून पुकारण्याची चाल आपल्या पुष्कळ गांवांत आहे. अमक्यांचे एक हजार एक, तमक्यांचे पांचशें एक, असें सर्व मांडवास ऐकूं जातें. ज्याच्यापाशीं पन्नासच रुपये आहेत तो एकतर उसने घेतो, नाहींतर जेवण झाल्याबरोबर मागच्या मागें निघून जातो. कित्येक तर लग्नासच येत नाहींत. पुकारणें बंद करावें. आहेर पाकिटांत घ्यावा, आणि यजमानाच्या घरच्या एका विश्वासू माणसानें तो वहींत मुकाट्यानें लिहून घ्यावा. वही मात्र फाडूं नये. पुढें त्या त्या घरच्या कार्यास परत आहेर करावयाचा असतो, तेव्हां ती लागते.